आढ्याहून उंच धुराडं

माझ्या थोरल्या दिरांवरचा माझा राग अजून शाबूत आहे. ते जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांचं घर पाडलं गेलं, तिथे आता लिफ्टची बिल्डिंग उभी आहे. तरी राग आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, आणि मी बोलतेही. होडी चालवावी तर त्यांनीच. भरती-ओहोटी त्यांना घड्याळाशिवाय कळायची, आणि गावजेवणात ते वाढायला उभे राहिले तर कुणी अर्धपोटी उठत नसे. हे सगळं खरं. पण त्यांनी माझ्या पोरीचा श्वास स्वतःच्या मानापेक्षा हलका धरला, आणि मी ते त्यांना फेडायला लावलं. ते कसं, ते सांगते.

आमचं घर कोपरला, खाडीच्या अंगाला. ऐंशीचं दशक निम्मं उलटून गेलं होतं. स्टेशनच्या बाजूने चार-चार मजल्यांच्या बिल्डिंगी उठत होत्या, पण आमचा पाडा अजून कौलारू होता आणि सकाळी अंगणात जाळी वाळत पडलेली असायची. सासरे गेले आणि वर्षाच्या आत वाटणी झाली. मोठं घर, अंगण, होडी, जाळी, सगळं थोरल्यांकडे राहिलं. माझा नवरा ठाण्याला कंपनीत कामाला, त्याला खाडी काय कामाची, असं कारण सांगितलं गेलं. आम्हाला मिळाली जाळ्यांची खोली. मोठ्या घराच्या पाठीला टेकलेली, एकाच उताराच्या छपराची. तिच्यात पूर्वी जाळी, दोर आणि वल्ही ठेवायचे. दोन खाटा टाकल्या तर मधून चालायला वाट उरणार नाही एवढीच. जाळ्यांना ऊन लागू नये म्हणून तिला खिडकी ठेवलेली नव्हती. एक दार, तेही वाऱ्याच्या उलट्या बाजूला. त्या खोलीत मी, नवरा, आमची तीन वर्षांची मुलगी आणि चूल असे चौघं राहायला लागलो.

गॅसचा नंबर लावला होता, तो कधी लागेल ते गॅसवाल्यालाच ठाऊक. रॉकेल रेशनवर, ते स्टोव्हला आठवडाभर पुरलं तर नशीब. बाकी सगळं लाकडावर. अंगणात चूल मांडावी म्हटलं, तर अंगण थोरल्यांचं. जाऊबाई म्हणाल्या, ठिणगी उडून जाळं जळलं तर? त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. तेव्हा मी अजून गप्प बसत असे.

वाटणीत होडीचा आमचा हिस्सा म्हणून दिरांनी आम्हाला जुन्या होडीच्या फळ्या दिल्या. होडी मोडकळीला आली होती, ती त्यांनी फोडली आणि अर्ध्या फळ्या आमच्या दाराशी आणून टाकल्या. "घे धाकले, ही तुमची अर्धी होरी," म्हणाले, आणि हसले. बरोबरचेही हसले. आमच्या पाड्यात होडीचं लाकूड बाहेर विकत नाहीत. जिने आपल्याला पोसलं तिचा शेवट आपल्याच चुलीत व्हावा, असं मानतात, आणि सगळ्या घरांत ते भक्तिभावाने जाळतात. पण त्या लाकडाला वर्षानुवर्षं डांबर आणि माशाचं तेल पाजलेलं असतं. त्याचा धूर काळा आणि चिकट. चुलीवरच्या कौलांना आठवडाभरात काळपट मध लागावा तसं काहीतरी लागलं, आणि उन्हाच्या वेळी त्याचे थेंब खाली पडायला लागले. एक थेंब माझ्या भाकरीच्या पिठात पडला. त्याच दिवसांत मुलीचा श्वास वाजायला लागला.

शिटीसारखा बारीक आवाज. सुरुवातीला मला वाटलं, ती गाणं म्हणतेय. मग तिच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाताना दिसली. मी फळ्या दाराबाहेर रचून ठेवल्या आणि साधी लाकडं आणली. आवाज कमी झाला, गेला नाही. डोंबिवलीच्या डॉक्टरांनी तिच्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. वयस्कर माणूस, बोलणं शांत. म्हणाले, "बाई, औषध देतो, पण औषधाने काही होणार नाही. एक तर मुलीला धुरातून बाहेर काढा, नाहीतर धुराला घरातून बाहेर काढा. पावसाळ्यात दार बंद राहील, तेव्हा हे फार वाढेल."

माझे वडील मोहन्याला राहत, नदीवर जाळं टाकत. ते म्हणाले, पोर माझ्याकडे दे, इथं अंगणभर वारा आहे. नवऱ्याला ते लगेच पटलं. त्याला जे काही भांडणाशिवाय होईल ते पटायचं. मला पटत नव्हतं. तीन वर्षांची पोर एकदा आजोळी राहिली की ती आजोळचीच होते, हे मी माझ्याच घरात पाहिलेलं आहे. माझी एक बहीण अशीच आत्याकडे गेली आणि पुढे आम्हाला पाहुण्यांसारखी वागवायला लागली. तरी मी शब्द दिला. पावसाच्या तोंडापर्यंत धूर घरातून गेला नाही, तर मुलगी मोहन्याला.

मग मी मान वर करून चालायला लागले. आजवर धुराडी कधी बघितली नव्हती असं नाही. मोहन्याच्या जुन्या कारखान्याचं धुराडं बघतच मी लहानाची मोठी झाले. पण आता मी त्यांच्याकडे गरजूसारखी बघत होते. भजीवाल्याचं, लोहाराचं, कल्याणच्या भट्टीचं. एका बेकरीच्या मागे मी इतका वेळ उभी राहिले की आतला माणूस हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "बाई, वर काय अडकलंय काय?" मी म्हटलं, "तुमचं धुराडं बघते." तो पुन्हा आत गेला आणि दाराआडून माझ्याकडे बघत राहिला.

पाड्यात प्रत्येकाकडे सल्ला होता. कुणी म्हणालं, भिंतीला भोक पाड. पाडलं. वारा फिरला की धूर त्याच भोकातून पाहुण्यासारखा परत यायचा, मग ते लिंपून टाकलं. कुणी म्हणालं, डालड्याच्या डब्यांची बुडं कापून एकात एक बसव. मी एका घरी ते बघितलं. सांध्यांतून धूर गळत होता आणि खालचा डबा जळून चाळणी झाला होता. कुणी म्हणालं, पावसाच्या पाण्याचा सिमेंटचा पाइप लाव, स्वस्त आणि मस्त. तो मी एका हॉटेलात पाहिला. आचेने त्याला उभी चीर गेली होती आणि ती चीर त्यांनी मातीने लिंपली होती. माझ्या खोलीत पाइप पोरीच्या खाटेपासून हातभर अंतरावर येणार होता. फुटणारी वस्तू मला तिच्या उशाशी नको होती.

शेवटी मला काय हवं ते कळलं. जाड काळ्या पत्र्याचा, वीतभर रुंद पाइप. वरून चकचकीत मुलामा दिलेला नको, कारण तो तापला की त्याचीच वाफ निघते. कुठेही वाकवायचा नाही. वळण दिलं की काजळी वळणात बसते, आणि साठलेली काजळी पेट घेते. खालचा तुकडा हाताने काढता आला पाहिजे, म्हणजे महिन्याला काजळी झाडता येईल. छपरातून जाताना वाशाला आणि रिपांना तो शिवता कामा नये, म्हणून चार-पाच कौलं काढून तिथे पत्रा टाकायचा आणि पत्र्याच्या भोकातून पाइप वर न्यायचा. वर टोपी, पावसासाठी. आणि या पाइपात होडीचं लाकूड कधीही जाळायचं नाही.

राहिला एकच प्रश्न. किती उंच?

ते मी एका सकाळी शोधून काढलं. एका लांब बांबूच्या टोकाला नारळाची सोडणं बांधली, ती पेटवून विझवली, आणि तो धुमसणारा बांबू छपरावर धरला. आमच्या छपरापासून हातभर वर धूर सरळ खाली लोळला आणि कौलांच्या फटींतून आत शिरला. आणखी हातभर वर धरला, तरी तेच. खाडीवरचा वारा मोठ्या घराच्या छपरावर चढायचा आणि आढ्यावरून आमच्या अंगावर कोसळायचा. आमची खोली त्या घराच्या पायाशी बसलेली, जे काही वरून पडेल ते झेलत. मी टाचा उंच करून बांबू आढ्याच्या वर नेला. तिथे धूर एकदम आडवा झाला आणि स्टेशनच्या दिशेने निघून गेला. एवढं सरळ उत्तर मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं.

दीर अंगणातून हे बघत होते.

"धाकले, ह्या काय चाललाय?"

"धूर कुठं जातं ते बगतंय, भावजी."

"आन पाइप कवरा लावाचा ठरवलास?"

"आढ्याचे वर."

ते चालत जवळ आले. ते रागावले की हळू चालायचे. "थोरल्याचे आढ्यावर धाकल्याची चिंदी पन जात नाय. आपले पाड्यान कदी गेली नाय."

हा आमच्याकडचा रिवाज खरा. धाकट्याचं छप्पर थोरल्याच्या आढ्याखाली. धाकट्याने माडी बांधायची, तर आधी थोरल्याची माडी. मला तो ठाऊक होता आणि एरवी मला त्याचं काही वाटलंही नसतं. मी म्हटलं, "भावजी, पोरीचा श्वास वाजतंय. डॉक्टर सांगतंय, पावसान लई वारंल."

"आमचे आईनी जल्मभर धूर खाल्ला. ती काय मेली?"

सासूबाई मेल्या होत्या. शेवटची दोन वर्षं त्या भिंतीला टेकून बसून झोपत. आडवं झालं की त्यांना श्वास पुरत नसे. हे दिरांना माझ्याइतकंच माहीत होतं. पण त्यांना त्यात धूर दिसला नव्हता, म्हातारपण दिसलं होतं. त्या क्षणी मी ठरवलं की हा पाइप आढ्याच्या वर जाणार, आणि तो कुठवर जावा ते या माणसाच्या तोंडून वदवून घेणार. पोरीसाठी जेवढं हवं होतं तेवढंच आता माझ्यासाठीही हवं होतं. दोन्हींत मी कधी फरक केला नाही.

पाइप माझ्या नवऱ्याने माजिवड्याला एका भंगारवाल्याकडे पाहून ठेवला. तिथून तो कोलशेतच्या खाडीवर आणला आणि रेतीच्या बोटीवर चढवला, आणि तो भरतीबरोबर आमच्याकडे आला. बोटवाल्यांनी तो चार तुकड्यांत खांद्यावरून उतरवला, तेव्हा किनाऱ्यावर कुणीतरी विचारलं, "तोफ आनलाव काय?" मी म्हटलं, "हो." माझा भाऊ मोहन्याहून आला. त्याने आणि नवऱ्याने एका रविवारी सगळं बसवलं. वरच्या टोकाला तीन बाजूंनी तारा ओढून ताण दिले. टोपी आढ्याच्या दोन हात वर गेली. मी खाली चूल पेटवली आणि दाराशी उभी राहून बघत राहिले. खोलीत धूर नव्हता. चुलीच्या आत जाळ सुं सुं करत मागे ओढला जात होता. मुलगी चुलीशी आली, आत बघून म्हणाली, "आई, ही चूल पिते." त्या आठवड्यात तिच्या छातीतला आवाज बारीक होत होत जवळजवळ गेलाच.

दहा-बारा दिवस. तेवढंच सुख आम्हाला मिळालं. मग थोरल्यांनी पंच बोलावले. थोरल्याच्या घरावर धाकट्याने डोकं काढलं, ही तक्रार. पंचांनी निरोप पाठवला: अमावास्येला बसू, तोवर पाइप खाली घ्या. मी म्हटलं, घेणार नाही. नवऱ्याने माझ्याकडे न बघता शिडी लावली आणि पाइप उतरवला. भावाशी वाकडं नको, एवढंच म्हणाला. मला वाटतं, त्या दिवशी मी त्याच्यावरही एक डूख धरला, पण तो संसारात वापरून वापरून झिजला.

दोन दिवसांत मुलगी पुन्हा वाजायला लागली. पाऊस उंबऱ्याशी आला होता. वडिलांना निरोप गेला, आणि अमावास्येच्या दिवशी ते तिला न्यायला आले. तिचे फ्रॉक मी एका गाठोड्यात बांधले. ते समोरच्या देवळाच्या ओट्यावर तिला मांडीवर घेऊन बसले, गाठोडं शेजारी. संध्याकाळी निघायचं ठरलं होतं. नवरा पहिल्या पाळीला गेलेला. खोलीत मी एकटी, आणि समोर येणारे चार पंच आणि थोरले दीर.

पंच बसण्याची आमच्याकडे एक रीत आहे. ज्या घराविरुद्ध तक्रार, त्या घरात बसायचं. दार लोटून घ्यायचं आणि निकाल लागेपर्यंत उघडायचं नाही, म्हणजे बाहेरचा कुणी मध्ये तोंड घालत नाही. आणि त्या घरच्या बाईच्या हातचा चहा घेतल्याशिवाय कुणी उठायचं नाही. रीत चांगली आहे. फक्त ती करणाऱ्यांनी मोठ्या घरांचा विचार केला होता, जिथे पंच ओसरीवर बसतात आणि चहा तिकडे कुठेतरी आत होतो. जाळ्यांच्या खोलीत आजवर कुणी पंच बसवलेच नव्हते. आणि हे त्यांच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. बाईचं चहा करणं त्यांच्या लेखी आपोआप होणारी गोष्ट होती.

मी घोंगडी अंथरली. पाचही जण गुडघ्याला गुडघा लावून बसले. दार लोटलं. बायकांनी पंचांत बोलायचं नसतं, म्हणून मी काही बोलले नाही. चुलीच्या मागे, जिथे पाइप बसायचा, तिथे वीतभर भोक उघडं होतं. पाइप त्यांच्याच हुकमाने दाराबाहेर पडलेला होता, आणि छपरातलं भोक नवऱ्याने पावसाच्या भीतीने झाकून टाकलं होतं. मी आधण ठेवलं, बाहेर रचून ठेवलेल्या फळ्यांतली एक आणली होती ती मोडली, आणि चुलीत सारली. थोरल्या दिरांनी आम्हाला दिलेली अर्धी होडी. तिचं लाकूड घरात जाळणं आमच्याकडे पुण्याचं.

सर्वांत वडील पंचांनी बोलायला सुरुवात केली. आढं म्हणजे घराची मान, वगैरे. पहिलं वाक्य नीट झालं. दुसऱ्या वाक्यात खोकला आला. धूर आधी छपराखाली जमला, मग काळ्या गोधडीसारखा हळूहळू खाली उतरायला लागला. मी जमिनीलगत वाकून बसले होते, कारण खाली हवा असते, हे चुलीपुढे बसणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं. पुरुष ताठ बसतात.

"धाकले, च्या झाला काय?"

"होतंय, बाबा. आधान तापला नाय अजून."

एकाने पंच्याचा सोगा तोंडाला लावला. दुसऱ्याने डोळे मिटून घेतले आणि मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाला, "दार जरा उघर."

"उघरतंय की," मी म्हटलं. "पन निकाल लागल्याबिगर दार उघरत नाय, ह्या तुमीच सांगलाव. रीत मोरू काय?"

मी फुंकणी घेतली आणि फुंकलं. उकळी येऊ नये इतपत जाळ कसा ठेवायचा, ते मला येत होतं. चहा पावडर घातली, साखर घातली, दूध मुद्दाम शेवटी घालायचं ठेवलं. मला आनंद होत होता. खोटं कशाला सांगू, खूप आनंद होत होता.

आधी सर्वांत वडील पंच उठले. त्यांनी भिंत चाचपत दार शोधलं आणि बाहेर जाऊन वाकून उभे राहिले. त्यांच्यामागे बाकीचे तिघे. चहा न घेता पंच उठल्याचं पाड्याने प्रथमच पाहिलं. शेवटचा गेला तसं मी उठून दार पुन्हा लोटलं, कारण निकाल लागला नव्हता आणि तक्रारदार अजून बसलेला होता.

दीर हलले नव्हते. ते उठणार नाहीत हे मला माहीत होतं. एका बाईच्या चुलीपुढून उठणं त्यांना आढ्यावरच्या धुराड्यापेक्षा जड होतं. त्यांचा जन्म खाडीच्या मोकळ्या वाऱ्यावर गेला होता. माझा, परकर नेसत होते तेव्हापासून, चुलीच्या तोंडाशी. दोघांत कोण जास्त वेळ बसू शकेल, हे मला त्या खोलीत शिरण्याआधीच ठाऊक होतं. त्यांना नव्हतं.

मी चहा गाळला आणि कप त्यांच्यापुढे ठेवला. कपाचा कान त्यांना सापडेना.

"दार उघर, धाकले."

"पाइप लावू काय, भावजी?"

ते खोकले. वाजत खोकले, आणि श्वास परत घेताना त्यांच्या छातीतून बारीक शिटीसारखा आवाज आला. तो आवाज मी ओळखला. माझ्या मनाला काहीही झालं नाही. उलट मी फळीचा आणखी एक तुकडा आत सारला.

"लाव," ते म्हणाले.

"कवरा?"

"लाव कवरा लावाचा तवरा."

"आढ्याचे खाली का वर?"

पुन्हा खोकला. त्यांच्या गालांवरून पाणी गळ्यात उतरत होतं आणि ते पुसायला हात वर होत नव्हता. होडीची वल्ही मारणारे हात, ते गुडघ्यांवर नुसते पडलेले होते.

"वर."

"भायेर पंच उबे हायेत. त्यांना ऐकू जाव दे."

मग ते ओरडले. आवाज फाटला, पण शब्द कळला. बाहेर कुणीतरी "ऐकला, ऐकला" म्हणालं. मी दार उघडलं. दीर दाराच्या चौकटीला धरून बाहेर पडले आणि आमच्या पायरीवरच बसले, डोळ्यांतून धारा लागलेल्या. तो धूर होता, सगळ्यांना माहीत होतं. पण पाड्यातल्या बायका पाणवठ्यावरून घागरी घेऊन येत होत्या, आणि त्यांनी थोरल्याला धाकट्याच्या पायरीवर रडताना पाहिलं. मला एवढं पुरे व्हायला हवं होतं. पुरे झालं नाही. त्यांनी पोरीचं नाव काढलं असतं तर कदाचित झालं असतं.

पंचांतल्याच एकाने शिडी धरली आणि देवळाजवळच्या पोरांनी पाइप चढवला. माझ्या वडिलांनी ओट्यावरून ते सगळं पाहिलं. त्यांनी गाठोडं सोडून एकेक फ्रॉक माझ्या हातात परत दिला, दुकानदार घडी मोडून कापड दाखवतो तसा. मग आमच्याकडे जेवले आणि एकटेच मोहन्याला गेले.

पुढे नव्वदीत गॅस आला. शेजारच्या घरांत चुली फुटल्या, पण मी तो पाइप उतरवू दिला नाही. कंपनीतून आलेला नवरा म्हणायचा, आता कशाला, गंजलाय. मी म्हणायचे, असू दे. दर दिवाळीआधी मी त्याला काळा रंग दिला. थोरल्यांनी अंगणातून वर बघावं, एवढ्यासाठी. ते बघत नसत, पण न बघण्यासाठीही त्यांना मान वळवावी लागायची, आणि ती वळताना मला दिसायची. जाऊबाई एकदा म्हणाल्या, झालं गेलं विसर. मी त्यांना सांगितलं, तुमच्याशी नीट बोलते ना, तेवढं पुरे, विसरायचं काही जमणार नाही.

पाइप पुन्हा बसला त्याच्या आठवड्याभरानंतरची दुपार मला आठवते. पाऊस सुरू झाला होता, दार बंद होतं, चुलीवर भात शिजत होता आणि खोलीत धुराचा मागमूस नव्हता. मुलगी खाटेवर झोपली होती. तोंड मिटून. या खोलीत आल्यापासून तिला तोंड मिटून झोपलेली मी पाहिली नव्हती, श्वासासाठी ते उघडंच असायचं. मी तिच्या छातीला कान लावला. आत काहीच वाजत नव्हतं. तेवढ्यात भिंतीपलीकडून खोकला आला, थोरल्यांचा. त्या दिवसापासून लागला होता आणि जात नव्हता. मोठ्या घरातली चूलही होडीच्या फळ्यांवरच चालायची. काय करायला हवं, ते पाड्यात फक्त मला माहीत होतं. मी भाताखालचा जाळ कमी केला आणि पोरीला जाग येऊ नये म्हणून तिच्या कानावरून पांघरूण ओढलं.